चंपाषष्ठीचं वांगं आणि डोपामाइनचा हिशेब

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका शिबिराची जाहिरात आली. दोन दिवस फोन नाही, गोड नाही, गप्पाही नाहीत. त्यामुळे म्हणे मेंदूत साचलेलं डोपामाइन नावाचं रसायन निघून जातं आणि रोजच्या जगण्यात आनंद परत येतो. शेजारच्या आजींनी जिन्यात गाठून विचारलं, "अरे, किती साचलंय ते रक्त तपासून कळतं का?"

प्रश्न अगदी रास्त होता. पण डोपामाइन साचत नाही. एका मज्जापेशीनं दुसरीला निरोप द्यायला ते सोडलं की बरंचसं क्षणार्धात परत ओढून घेतलं जातं. रक्तात फिरणारं डोपामाइन मेंदूत शिरू शकत नाही, त्यामुळे रक्त तपासून मेंदूतल्या आनंदाचं काही कळत नाही. मेंदूतलं डोपामाइन खरोखर कमी झालं तर काय होतं, ते ज्यांच्या घरी पार्किन्सनचा रुग्ण आहे त्यांना विचारा. हात कापतात, पाऊल उचलत नाही. अशा गोष्टीला विष समजून 'डिटॉक्स' विकणं मला मनापासून चुकीचं वाटतं. दोन दिवस फोन बाजूला ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, त्यासाठी रसायनाचं नाव बदनाम करायची गरज नाही.

या गैरसमजाचं मूळ जुनं आहे. 1954 साली कॅनडातल्या मॅक्‌गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. दांडी दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका बसे. उंदीर ती दांडी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मेंदूत आनंदाचं केंद्र सापडलं असं सगळ्यांना वाटलं. त्या वाटांवर डोपामाइन काम करतं हे पुढे दिसलं आणि त्याला 'आनंदाचं रसायन' हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

नाव चुकलंय हे मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांच्या प्रयोगांनी दाखवलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवलं. समोर अन्न असूनही ते उंदीर खाईनात, त्यांना नळीनं भरवावं लागलं. पण जिभेवर साखरेचं पाणी टाकलं की ते धडधाकट उंदरांसारखेच ओठ चाटत. गोडाची चव त्यांना आवडत होती, फक्त ते मिळवायला उठावंसं वाटत नव्हतं. म्हणजे हवंसं वाटणं आणि आवडणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत, आणि डोपामाइन मुख्यतः पहिल्याचं आहे.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या प्रयोगाकडे येतो. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मध्यमेंदूतल्या एकेका डोपामाइन पेशीचे विजेचे ठोके ऐकत होते. माणसाच्या मेंदूत 8,600 कोटींच्या आसपास मज्जापेशी असतात आणि त्यांतल्या डोपामाइनच्या जेमतेम 4 ते 6 लाख. माकडाच्या तोंडात अचानक फळांच्या रसाचा थेंब पडला की त्याच्या या पेशी तडतडत. मग शुल्ट्झ रसाच्या आधी दिवा लावू लागले. काही दिवसांनी दिवा लागताच पेशी तडतडू लागल्या आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा ढिम्म राहिल्या. रस तोच, थेंब तेवढाच. आणि एखाद्या वेळी दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या रस यायच्या क्षणी पेशी गप्प होत. थेंब कधी यायचा हेही त्यांना ठाऊक होतं!

पेशी मोजत होत्या तो फरक: मिळालं किती वजा अपेक्षित किती. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी 1997 साली हा हिशेब मांडला.

हा हिशेब मी दर रविवारी करतो. वेताळ टेकडी उतरलो की ठरलेल्या अमृततुल्यात चहा घेतो. पितळी पातेलं, वेलदोडा, कपात दोन बोटं फेस. समजा या चहाचं मोल 10 आहे आणि पहिल्या दिवशी माझी अपेक्षा शून्य. फरक 10. मेंदू अपेक्षा एकदम दहावर नेत नाही, फरकाच्या काही अंशानंच वाढवतो. तो अंश 0.3 धरू. नवी अपेक्षा 3, म्हणून पुढच्या रविवारी फरक 7. मग अपेक्षा 3 अधिक 2.1 (सातचा 0.3 अंश), म्हणजे 5.1, फरक 4.9. मग 3.43, मग 2.4. चहा दहाचा दहाच आहे, माझ्या डोपामाइन पेशींना मात्र पाचव्या रविवारी तो अडीचाचाही वाटत नाही. ज्यांना आकडे नकोत त्यांनी एवढंच धरावं की नवल आटत जातं आणि ते चहाच्या चवीवर अवलंबून नसतं.

एका पावसाळी रविवारी चहावाल्या काकांनी न विचारता पातेल्यात गवती चहाची पात टाकली. त्या घोटाची मला अजून आठवण आहे. आणि ज्या रविवारी शटर बंद होतं तेव्हा पायरीवर उभं राहून जी खट्टू भावना आली, तीही या हिशेबातलीच. एरवी सकाळी सातला चहा मिळाला नाही तर माझं काही बिघडत नाही. दिवा लागला होता आणि रस आला नाही, एवढंच झालं होतं.

माणसांवर असंच काही तपासलं रॉब रटलेज यांनी, लंडनमध्ये. 18 हजारांहून अधिक लोक स्मार्टफोनवर एक पैजेचा खेळ खेळले. मधूनमधून त्यांना विचारलं जाई, आत्ता किती आनंदी आहात? एकूण किती गुण कमावले यावरून उत्तराचा अंदाज येत नव्हता. अपेक्षेपेक्षा बरं चाललंय का, यावरून येत होता. त्यात आणखी एक बारकावा होता. पुढे काही चांगलं येणार आहे ही अपेक्षा स्वतःही थोडा आनंद देत होती. म्हणून 'अपेक्षाच ठेवू नका' हा सल्ला मला अर्धवट वाटतो, वाट बघण्यातलं सुख त्यात वाया जातं.

नवल आटण्याचा, म्हणजे सवयीचा, दुसरा धागा मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांच्या समुद्री गोगलगाईकडे जातो. तिला पुन्हा पुन्हा हलका स्पर्श केला की ती कल्ला आत ओढणं कमी करते, आणि थोडी विश्रांती दिली की पुन्हा जोरात ओढते. सवय चढते तशी उतरतेही. (2000 सालचं नोबेल कँडेल आणि डोपामाइन संदेशवाहक आहे हे दाखवणारे अर्विद कार्लसन यांना एकत्रच मिळालं, पॉल ग्रीनगार्ड यांच्यासह.) माणसांतही हे दिसतं. एका प्रयोगात आठवडाभर चॉकलेट सोडलेल्यांना ते परत खाताना जास्त आवडलं, मनसोक्त खाल्लेल्यांना कमी.

हे वाचताना मला आमचं घर आठवलं. कुलदैवत खंडोबा, त्यामुळे आषाढातल्या कांदेनवमीला भजी, भरीत, थालीपीठ यांवर ताव मारायचा आणि मग थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत घरात कांदा नाही, वांगं नाही. जवळजवळ पाच महिने. पूर्वजांना डोपामाइन ठाऊक होतं असं मी मुळीच म्हणणार नाही, आणि पावसाळ्यात कांद्यानं तमोगुण वाढतो याला काडीचाही पुरावा नाही. नेमामागची कारणं धार्मिक होती. पण त्यातून पडणारा खंड खरा आहे आणि तो आमच्या जिभेवर काम करतो.

गेल्या चंपाषष्ठीला आईनं तीन मोठी वांगी तेलाचं बोट फिरवून गॅसवर ठेवली. साल तडकलं, रस जाळीवर पडून चर्र झालं, तो करपट वास जिन्यापर्यंत गेला. कांद्याची पात, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल, आणि बाजरीचा रोडगा. नैवेद्य दाखवून पानं मांडली आणि पहिली पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मुलानं ताट बोटानं पुसून घेतलं.

त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा भरीत झालं तेव्हा तो म्हणाला, "परत वांगं?"

"बरं, आता भोगीला," आई म्हणाली आणि उरलेली दोन वांगी शेजारच्या आजींना देऊन आली.