लेथ लेव्हलला नाही म्हणून टेपर येतो? थांबा जरा

घरी छोटा लेथ (जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरवत ठेवून टूलने कापणारं मशीन) घेतला की पहिला सल्ला हाच मिळतो, पाणसळ लावून मशीन एकदम लेव्हलला आण, नाहीतर जॉब टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) निघेल. वर्षानुवर्षं हे चालत आलंय, पण खरं नाहीये. जहाजावरच्या वर्कशॉपमध्येपण लेथ असतो, तिथे जमीनच डुलत असते, तरी कामं होतात ना!

खरी भानगड बेडच्या, म्हणजे ज्या लांब पायावरून टूल पुढेमागे सरकतं त्याच्या, पिळाची आहे. टेबल वाकडं असेल आणि तुम्ही चारही बोल्ट करकचून आवळले तर बेड पिळला जातो, मग टूल पुढे जाताना जॉबच्या मध्यरेषेपासून हळूहळू लांब नाहीतर जवळ सरकतं. गवंड्याच्या पाणसळीत हे दिसतच नाही, ०.०२ मिमी प्रति मीटर इतका बारीक उतार दाखवणारी लेव्हल असेल तर तिचा उपयोग आहे, पण तोही बेडच्या दोन्ही टोकांना आडवं रीडिंग सारखं येतंय का एवढंच बघायला.

ती नसली तरी अडत नाही. २५ मिमीचा रॉड चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यात) धरा, साधारण १५० मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉक (चकसमोरच्या टोकाचा आधार) लावायचा नाही. मधला भाग थोडा उतरवून दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) ठेवा, धारदार टूलने अगदी हलका कट एकाच सेटिंगवर दोन्हीवर घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. बाहेरची कॉलर जाड आली तर टेलस्टॉककडच्या, आपल्या बाजूच्या पायाखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) घाला, बारीक आली तर त्याच टोकाच्या मागच्या पायाखाली. परत कट, परत माप.

जॉब दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या टोकदार आधारांमध्ये) धरल्यावरच टेपर येत असेल तर आधी टेलस्टॉक सरकलाय का ते बघा.