इजिप्शियन उठावशिल्पाची पारख पाठीकडून सुरू होते

जुन्या बाजारात, घर रिकामे करताना माळ्यावर, नाहीतर कैरोच्या सहलीची आठवण म्हणून दिवाणखान्यात, इजिप्शियन उठावशिल्पाची एखादी फरशी पुण्यात दिसतेच. चेहरा बाजूने, डोळा आणि खांदे समोरून, वर चित्रलिपीच्या चार ओळी. पाहणारा पहिला प्रश्न विचारतो, "किती जुने असेल?" हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी ते कशाचे आहे हे पाहावे, मग कसे घडवले आहे, मग कधीचे. आणि सुरुवात फरशी उलटी करून करावी, कारण नकली जुनेपणाची सारी मेहनत पुढच्या बाजूवर खर्ची पडलेली असते.

पहिली कसोटी वजनाची. 60 × 40 सेंटिमीटर आणि 4 सेंटिमीटर जाडीचा चुनखडकाचा तुकडा साधारण 23 किलो भरतो. तेवढ्याच आकाराची दीड सेंटिमीटर जाडीची रेझिनची (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या द्रव्याची) फरशी साडेसहा किलोच्या आसपास. चुनखडकाची घनता घनसेंटिमीटरला साधारण 2.3 ते 2.7 ग्रॅम असते, दगडाची पूड घातलेल्या रेझिनची दोनच्या खाली आणि पीओपीची त्याहूनही कमी. लांबी, रुंदी, जाडी यांच्या गुणाकाराने वजनाला भागले की पुरे. पाण्यात बुडवून घनता काढण्याचा मोह टाळावा. रंग निघतो, पीओपी भुसभुशीत होते आणि खऱ्या जुन्या दगडातले क्षार विरघळून वाळताना पृष्ठभागावर फुलतात. पापुद्रे सुटायला तेवढे कारण पुरते.

दुसरी कसोटी आम्लाची. शहाबादी फरशीवर लिंबू सांडले की पांढुरका डाग पडतो, हे पुण्यातल्या घराघरांत ठाऊक आहे. शहाबादी हाही चुनखडकच. फरशीच्या पाठीवर व्हिनेगरचा एक थेंब टाकून भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे उठले तर त्यात कॅल्साइट, म्हणजे चुनखडकाचे मुख्य खनिज, आहे. इथेच अनेक जण फसतात, कारण रेझिनमध्ये बहुधा संगमरवराची पूड मिसळलेली असते आणि तीही फसफसते. म्हणून जोडीला तापलेली सुई लागते. पकडीत धरून लाल केलेली सुई पाठीच्या कोपऱ्यात टेकवली की रेझिनमधून धूर आणि प्लॅस्टिकचा वास येतो. दगडाला काही होत नाही. वालुकाश्म बहुधा फसफसत नाही, आणि त्यातले क्वार्ट्झचे कण काचेवर ओरखडे काढतात.

दहापट भिंगातून टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे दिसली, किंवा कडेने साच्याची रेघ गेलेली आढळली, तर वस्तू ओतीव आहे. तिथे पुढचा वाद संपतो.

दगड खरा निघाला तर हत्यारांच्या खुणा वाचाव्यात, आणि या कामात सर्वांत अधिक समज यातूनच मिळते. खोली अंधारी करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. प्राचीन कारागीर तांब्याच्या आणि नंतर कांस्याच्या छिन्नीने चुनखडक कोरत. प्रत्येक घाव वेगळा, दिशा बदलती. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरलेल्या फरशीवर मात्र सारख्या अंतराच्या समांतर सऱ्या दिसतात, विशेषतः खोलगट भागात. पाठ सपाट आणि चक्रीच्या करवतीने कापलेली असेल, तर दोनच शक्यता: फरशी मुळातच आधुनिक, किंवा एखाद्या भिंतीवरून कापून आणलेली. दुसरी शक्यता आनंदाची नव्हे, गंभीर गोष्ट आहे.

झिजेचाही एक तर्क असतो. हात, वारा आणि वाळू उंचवटे घासतात, खोलगट भाग तुलनेने शाबूत राहतो. उंचवट्यांच्या कडा धारदार आणि खाचांत मात्र सारखा तपकिरी थर, असे दिसले तर चहाचे पाणी किंवा बूटपॉलिश आठवावे. रंगही बोलतो. टायटॅनियमचा पांढरा रंग विसाव्या शतकाआधी नव्हता. उलट इजिप्शियन निळा, म्हणजे कॅल्शियम-तांबे सिलिकेट, साध्या प्रकाशात उजळला की डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो आणि खास कॅमेऱ्यात पांढरा चमकतो. संग्रहालये ही तपासणी दगडाला न खरवडता करतात.

आता चित्राकडे. इजिप्तचा राजा तुतनखामुन बसला आहे आणि राणी त्याच्या खांद्याला हात लावते आहे, हे दृश्य दगडी फरशीवर दिसले तर थांबा. 1922 मध्ये सापडलेल्या त्याच्या थडग्यातल्या सिंहासनाच्या पाठीवरचे ते दृश्य आहे, आणि ते सिंहासन लाकडाचे, सोन्याच्या पत्र्याने मढवलेले. म्हणजे ही फरशी त्याची नक्कलच. चित्रलिपीत पक्षी आणि माणसे ओळीच्या सुरुवातीकडे तोंड करतात. एकाच ओळीत ती दोन्हीकडे पाहत असतील तर बहुधा कोरणाऱ्याला लिपी येत नव्हती. लंबगोल चौकटीत बहुधा राजाचे किंवा राणीचे नाव हवे, नक्षी नव्हे. उभ्या माणसाच्या पायाच्या तळव्यापासून केसांच्या रेषेपर्यंत आखणीच्या जाळीचे 18 चौकोन, हे जुन्या काळातले माप होते. उशिराच्या काळात वरच्या पापणीपर्यंत 21 झाले. पट्टी घेऊन मोजा. प्रमाण बिघडले की आकृती बुटकी किंवा डोकेमोठी दिसते.

नक्कल ठरली म्हणून वस्तू टाकाऊ ठरत नाही. जैसलमेरच्या पिवळ्या चुनखडकात पाथरवटाने हाताने कोरलेले काम त्याच्या श्रमाच्या मोलाचे असते, आणि त्याचा भाव दगड, आकार, हातकाम आणि तडे यांवर लावावा, वयावर नव्हे.

वस्तू खरेच प्राचीन वाटली तर भाव काढण्याआधी कागद पाहावेत. इजिप्तने 1983 च्या 117 क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद केला. त्याआधी ती देशाबाहेर गेल्याचा पुरावा, जुनी पावती, निर्यात परवाना, तारीख असलेले छायाचित्र, यांपैकी काहीच नसेल तर ती विकत घेऊ नये. आपल्याकडे 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुने शिल्प पुरावस्तू मानले जाते, आणि त्याची नोंदणी व विक्री यांना नियम आहेत. कागदांची खात्री होईपर्यंत ती वस्तू धुऊ नये, तेल लावू नये, आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये.