सारांश (फॅन फिक्शन)

फॅन फिक्शनच्या, म्हणजे आवडत्या मालिका-पुस्तकांतील पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या, संकेतस्थळांवर कथेच्या शीर्षकाखाली दिलेला दोन-चार ओळींचा मजकूर. यादी चाळणारा वाचक तेवढ्यावरून कथा उघडायची की पुढे जायचे ते ठरवतो. नाव सारांश असले तरी त्यात कथेचा गोषवारा नसतो, शेवट तर नसतोच. त्याचे नाते पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकुराशी अधिक जवळचे आहे.

जागा मोजकी असते. १९९८ साली सुरू झालेल्या फॅनफिक्शन डॉट नेटवर सारांशाला ३८४ अक्षरांची मर्यादा आहे. २००९ पासून सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संकेतस्थळावर ती १२५० आहे, पण तिथेही नेमके सारांश बहुधा तीन-चार वाक्यांतच आटोपतात.

मलपृष्ठावरील मजकुराला पात्रांची ओळख करून द्यावी लागते. इथे वाचक त्या पात्रांवर जीव लावूनच आलेला असतो. नायक कोण, कुठला, हे त्याला सांगण्यात ओळी खर्च करू नयेत. त्याला हवे असते ते एकच: ही कथा मूळ कथेची वाट कुठे सोडते? समजा, मूळ मालिकेत धाकटा भाऊ पुलावरच्या लढाईत मरतो. ‘दोन भावांच्या प्रेमाची आणि त्यागाची हृदयस्पर्शी कहाणी’ असा सारांश कुठल्याही कथेला चिकटवता येईल. त्याऐवजी हा पाहा: ‘पुलावरून धाकटा परत आला. थोरल्याने तोवर त्याची तलवार विकली होती.’ पहिल्या वाक्यात फाटा कळला, दुसऱ्यात भांडणाची ठिणगी पडली. पुढे काय झाले हे मात्र कथेतच कळेल. चांगल्या सारांशाचे सारे मर्म या दोन वाक्यांत आहे, असे म्हणायला हरकत नाही.

काही लेखक कथेतलाच एखादा संवाद उचलून सारांश म्हणून देतात. तो उतारा संदर्भाशिवाय समजत असेल तर भाषेची चव लगेच कळते, नाहीतर वाचक गोंधळतो. म्हणून उताऱ्याखाली एक साधे वाक्य जोडण्याची पद्धत रूढ आहे.

पात्रांची प्रेमजोडी, पर्यायी विश्व (मूळ कथेपेक्षा वेगळे जग), वाचकांचा वयोगट, पात्राचा मृत्यू किंवा हिंसेची पूर्वसूचना या गोष्टी टॅग (कथेला जोडलेले सूचक शब्द) आणि श्रेणीच्या रकान्यांत येतात. त्या सारांशात पुन्हा लिहिल्या की जागा वाया जाते. मात्र टॅगची सोय तोकडी असेल तिथे, वाचकाला त्रासदायक ठरू शकेल अशी बाब सारांशातच सांगावी. रहस्य टिकवण्यासाठी ती दडवणे हा वाचकाचा विश्वासघात ठरतो.

‘मला सारांश लिहिता येत नाही, कथा चांगली आहे’ हे वाक्य नवोदितांच्या कथांवर वारंवार आढळते. त्यामागचा संकोच खरा असतो आणि तो समजण्यासारखा आहे, पण वाचकाला त्यातून कथेविषयी काहीच मिळत नाही. ‘सारांश आत वाचा’ याचीही तीच गत. शुद्धलेखनाच्या चुका इथे जास्त खटकतात, कारण ओळी कमी आणि नजर पहिलीच असते.

क्रमशः येणाऱ्या कथांची अडचण वेगळी आहे. पहिल्या प्रकरणासोबत लिहिलेला सारांश विसाव्या प्रकरणापर्यंत जुना होतो. जे पात्र सुरुवातीला पाहुणे होते तेच केंद्रस्थानी आलेले असते. अशा वेळी लेखक मुख्य सारांश बदलतात, आणि ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’वर प्रत्येक प्रकरणाला स्वतंत्र सारांश जोडण्याची सोय आहे.