रैयोली डायनोसॉर जीवाश्म उद्यान व संग्रहालय

गुजरातच्या महीसागर जिल्ह्यात बालासिनोरजवळ असलेले जीवाश्मस्थळ. अहमदाबादहून बालासिनोर सुमारे ९० कि.मी. आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला येथे डायनोसॉरची हाडे व अंडी सापडली. संग्रहालय २०१९ मध्ये खुले झाले. येथील खडक लामेटा नावाच्या शैलसमूहाचा (खडकांच्या थरांच्या गटाचा), क्रिटेशस कल्पाच्या म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडाच्या अखेरचा आहे.

मांसाहारी राजासॉरस नर्मदेन्सिसचे नामकरण येथील हाडांवरून २००३ मध्ये झाले. कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर आणि मागचे पाय एवढेच हाती आले होते. त्यामुळे त्याचे संपूर्ण रूप ही अभ्यासपूर्ण पुनर्रचनाच असते. दालनात कोणतीही वस्तू पाहताना ती अस्सल जीवाश्म आहे, साच्यातून काढलेली प्रतिकृती आहे की कल्पनेने घडवलेली मूर्ती, हे आधी पाटीवरून पाहावे.

या स्थळाचे खरे वैभव मात्र बाहेरच्या उघड्या खडकात आहे. आधी संग्रहालय पाहून नजर तयार करावी आणि उन्हे कलल्यावर उद्यानात जावे. माथ्यावरच्या उन्हात खडक सपाट दिसतो. तिरप्या उन्हात मात्र अंड्यांच्या कडा सावलीने उठून दिसतात. पावसाळ्यात गवत खडक झाकते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

अंडे बहुधा १२ ते २० सें.मी. व्यासाच्या वर्तुळासारखे किंवा अर्धवट कमानीसारखे दिसते. नवख्यांची फसगत होते ती चुनखडकातल्या गोल गाठींमुळे. गाठीला कवच नसते. अंड्याला १ ते ३ मि.मी. जाडीचे, कडेने सलग फिरणारे कवच असते आणि दहापट भिंगाखाली त्याच्या बाहेरच्या बाजूवर बारीक पुटकुळ्या दिसतात. अशी गोल अंडी सॉरोपॉड या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची मानतात. खडकावर पाणी ओतून किंवा घासून पाहू नये: कवच आधीच भेगाळलेले असते, त्याचे कपचे निघतात. सुटा तुकडाही उचलू नये. जागेवरून हलला की तो कोणत्या घरट्यातला, हे कळायला मार्ग राहत नाही.

जवळच्या ढोली डुंगरीत डायनोसॉरच्या घरट्यात अंड्याभोवती वेटोळे घातलेला, सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप अश्मीभूत झालेला आढळला. सनाजे इंडिकस या नावाने त्याचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

लामेटाचे थर महाराष्ट्रातही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याला हाडांबरोबर अश्मीभूत विष्ठाही मिळते, तर डोंगरगावला सापडलेला इसिसॉरस हा भारतातील सर्वांत चांगल्या अवस्थेत मिळालेल्या सॉरोपॉड सांगाड्यांपैकी एक आहे.