देवघेव (सांस्कृतिक मानवशास्त्र)

देवघेव : वस्तू, अन्न, श्रम किंवा मान यांची अशी देवाण, जिच्यात वस्तूपेक्षा तिच्यामागचं नातं मोठं असतं. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये दाखवून दिलं, की भेट ही वरवर खुशीची वाटली तरी तिच्यात तीन बंधनं असतात : द्यावं लागतं, दिलेलं घ्यावं लागतं आणि घेतलेलं फेडावं लागतं. पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिआंड बेटांवरची ‘कुला’ हे तिचं गाजलेलं उदाहरण. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीने १९२२ मध्ये वर्णन केलेल्या या प्रथेत लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि पांढरी कंकणं उलट दिशेने बेटाबेटांतून फिरत राहतात. कुणीही ती कायमची ठेवून घेत नाही.

मराठवाड्यात हेच पाहायचं तर लग्नाच्या मांडवात आहेराची वही उघडावी. नाव, गाव, रक्कम किंवा कपडे अशी नोंद होते आणि वही वर्षानुवर्षे ट्रंकेत जपली जाते. पुढे आहेर देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की आधी वही काढली जाते. घेतलं तेवढंच परत करणं कोरडं वाटतं, म्हणून थोडं वाढवून करायचं, म्हणजे येणं-जाणं चालू राहतं. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापणारे या फेडीतून पाहुण्याला मोकळं करतात. पण ते वाचूनही काही वडीलधाऱ्यांना रिकाम्या हाताने जाववत नाही.

इर्जिकीत वही नसे, पण हिशेब डोक्यात असे. एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं की गावातल्या बैलजोड्या जमत. मजुरी नाही, घरधन्याकडून पोटभर जेवण. ट्रॅक्टर आला तशी इर्जिक मागे पडली.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्शल सालिन्स याने देवघेवीचे तीन प्रकार सांगितले : हिशेब न ठेवणारी, बरोबरीची आणि ओरबाडणारी. बलुतं यात कुठं बसवायचं, हा खरा प्रश्न आहे. सुगीत खळ्यावरून धान्य मिळे आणि वर्षभर सेवा द्यावी लागे, म्हणून काहींनी त्याला परस्परावलंबन म्हटलं. मात्र ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती, त्याच्या वाट्याला आलेल्या धान्याला देवघेव म्हणणं या शब्दावर अन्याय आहे. जातीने ठरवलेलं काम आणि दुसऱ्याच्या मर्जीवरचा पायलीभर दाणा, असं ते होतं.

हिशेब न ठेवणारी देवघेव लातूर, धाराशिव आणि आसपासच्या भागात वेळ अमावस्येला दिसते. बोलीत तिला येळवस म्हणतात. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला शेतात कडब्याची कोप (खोपी) घालतात, चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव मांडून पूजा करतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर असा बेत असतो. शेत नसलेल्यालाही आवर्जून बोलावणं जातं, शहरं दुपारपर्यंत ओस पडतात. सीमेपलीकडे कर्नाटकातही हाच सण ‘एळ्ळ अमावस्ये’ म्हणून होतो, कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. माणसं जेवायला बसण्याआधी आंबील उभ्या ज्वारी-हरभऱ्यावर शिंपडली जाते. वर्षभर देणाऱ्या रानाला पहिला घास मिळतो, मग पंगत बसते.