स्वतःच्या प्रश्नात शहाणपण कुठे जातं?

2014 साली इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रेमसंबंधात असलेल्या लोकांना एक नकोशी कल्पना करायला लावली. काहींनी असं समजायचं होतं की आपल्याच जोडीदाराने आपल्याला फसवलं आहे. बाकीच्यांनी हाच प्रसंग जिवलग मित्रावर ओढवल्याचं समजायचं होतं. मग प्रत्येकाला प्रश्न विचारले. पूर्ण माहिती हाती यायला हवी असं वाटतं का? समोरच्याची बाजू काय असेल? यातून काय काय घडू शकतं? काही तडजोड निघेल का?

मित्राबद्दल विचार करणारे या प्रश्नांना जास्त समंजसपणे सामोरे गेले. स्वतःबद्दल विचार करणाऱ्यांची उत्तरं मात्र एकांगी झाली. या तफावतीला संशोधकांनी बायबलमधल्या राजा सॉलोमनचं नाव दिलं. दूरदूरचे लोक त्याच्याकडे न्याय मागायला येत, पण त्याच्या स्वतःच्या आयुष्याची घडी विस्कटलेली होती. पुढच्या प्रयोगात साठी-सत्तरीतल्या लोकांनाही घेतलं. तेही स्वतःच्या प्रश्नात तरुणांइतकेच अडखळले.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. अमुक माणूस शहाणा आणि तमुक नाही, अशी विभागणी आपण सहज करतो. प्रत्यक्षात एकाच माणसाचं शहाणपण प्रसंगागणिक कमीजास्त होतं.

शहाणपण मोजायचं तरी कसं, यावर 1980च्या दशकापासून बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. ते लोकांपुढे पेच ठेवत आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगत. त्यातला एक गाजलेला पेच असा : पंधरा वर्षांच्या मुलीला आत्ताच्या आत्ता लग्न करायचं आहे, तिने काय करावं? ‘छे, हे साफ चूक आहे’ असं म्हणून थांबणाऱ्याला कमी गुण मिळत. लग्न करू नये असं वाटत असूनही ज्याला पुढचे प्रश्न पडत, त्याला जास्त. ती एकटी पडली आहे का? तिला दुर्धर आजार आहे का? ती कुठल्या समाजात, कुठल्या काळात राहते? या मोजमापात आयुष्याबद्दलच्या ज्ञानाला गुण होतेच. शिवाय माणसांची मूल्यं वेगवेगळी असू शकतात याचं भान आणि काही गोष्टी अनिश्चितच राहणार हा स्वीकार, यांनाही तितकंच वजन होतं. पौगंडावस्थेत हे गुण झपाट्याने वाढताना दिसले. विशीनंतर मात्र नुसत्या वयाने त्यात फारशी भर पडली नाही.

मग बुद्धी तरी मदतीला येते का? बंदुकांचा प्रश्न जिथे राजकीय वादाचा आहे त्या अमेरिकेत संशोधक डॅन काहान आणि सहकाऱ्यांनी लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. काहींना तो त्वचेवरच्या मलमाच्या चाचणीचा म्हणून दाखवला, तर काहींना बंदूकबंदी आणि गुन्हेगारीचा म्हणून. आकडे तेच. मलमाच्या वेळी गणितात तरबेज असलेल्यांनी बरोबर निष्कर्ष काढला. बंदुकांच्या वेळी त्याच तरबेज लोकांमध्ये राजकीय मतांप्रमाणे सर्वांत रुंद दरी पडली. नंतरच्या फेरतपासण्यांत हा परिणाम सगळीकडे एवढा ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी धोका खरा आहे. तल्लख डोकं आधीच ठरलेल्या मताची वकिली करायला लागलं, तर ती वकिलीही तल्लखच होते.

आपल्या काळाने यात आणखी एक गुंता वाढवला आहे. येल विद्यापीठात मॅथ्यू फिशर आणि सहकाऱ्यांनी 2015मध्ये काही लोकांना साध्या प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर शोधू दिली. त्यानंतर पूर्णपणे वेगळ्या विषयांवर ‘हे तुम्हाला कितपत नीट समजावून सांगता येईल?’ असं विचारलं. शोध घेतलेल्यांनी स्वतःला जास्त जाणकार ठरवलं. शोधातून कामाचं काहीच हाती लागलं नव्हतं, तेव्हासुद्धा! फोनमधली माहिती आणि डोक्यातली समज यांच्यातली सीमारेषा आपल्याला दिसेनाशी होते. आता तर यंत्रं आयती, सफाईदार उत्तरं देतात. तेव्हा ‘यातलं मला स्वतःला किती कळलंय?’ हा प्रश्न रोज विचारावा असं मला कळकळीने वाटतं.

काही लोकांनी ही सवय कामातूनच लावून घेतली आहे. सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी पीएचडी झालेले 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे 25 विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी अनेकदा त्याच पानावर खिळून राहिले आणि देखण्या मांडणीला, अधिकृत वाटणाऱ्या नावाला भुलले. तथ्यतपासनीस काही क्षणांतच ते पान सोडून नवे टॅब उघडत आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहत. ते लवकर आणि अचूक उत्तरापर्यंत पोचले. पानावरचा मजकूर वाचून त्याची लायकी ठरवता येईल, हा भरवसा त्यांनी स्वतःवर टाकलाच नव्हता.

स्वतःच्या भांडणात मात्र दुसरा टॅब उघडता येत नाही. तिथे ग्रॉसमन आणि क्रॉस यांना एक साधा उपाय सापडला : स्वतःबद्दल ‘मी’ न म्हणता ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणून विचार करणं. एवढ्यानेच आपला प्रश्न आणि मित्राचा प्रश्न यांतली तफावत मिटली. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना महिनाभर दिवसातल्या महत्त्वाच्या अनुभवाची नोंद लिहायला सांगितली. काहींनी प्रथमपुरुषात, काहींनी तृतीयपुरुषात. महिन्याच्या अखेरीस तृतीयपुरुषात लिहिणारे आपल्या समजुतीच्या मर्यादा अधिक मान्य करू लागले होते, आणि ज्यांच्याशी खटका उडाला त्यांची बाजूही त्यांच्या विचारात येऊ लागली होती.