‘दुसऱ्या महायुद्धाची कारणे’ : मराठीतल्या सर्चची पार्श्वभूमी

शाळेत कॉम्प्युटर लॅब कधी आली, नेट कधी आलं, ते सगळ्यांना माहितीये, त्यात शिरत नाही. पण २००५ च्या आसपास मराठी माध्यमाचे सर-मॅडम आणि पोरं नेटवर मराठीत फारसं काही शोधायचीच नाहीत, आणि तो काही त्यांचा आळस नव्हता. प्रश्नपत्रिका, नोट्स, सगळं शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असल्या फॉन्टात टाइप केलेलं. स्क्रीनवर मराठी, पण आत इंग्रजी अक्षरं न् अवतरणचिन्हांची खिचडी, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसता कचरा, आणि सर्च इंजिनलाही तो कचराच दिसणार ना. युनिकोडात, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती, मराठी विकिपीडिया मे २००३ मधे सुरू झाला, पण डीटीपीवाल्याचा हात जुन्याच कीबोर्डवर बसलेला.

बरं, युनिकोड आलं तरी ‘दुसऱ्या’तल्या त्या अर्ध्या र ची अडचण राहिलीच. ‘दर्या’ वेगळा न् ‘दऱ्या’ वेगळ्या, हा फरक मराठीला लागतोच लागतो. हा र लिहायच्या दोन पद्धती मान्य झाल्या: एक, आपल्याकडच्या इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या कॉम्प्युटर-प्रमाणाप्रमाणे नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरी, साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. दुसरी ठेवली ती युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी जुळावं म्हणून. दिसायला दोन्ही सेम टू सेम, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द! म्हणजे मॅडमनी एका पद्धतीनं ‘दुसऱ्या महायुद्धाची कारणे’ टाकायचं, लेख दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेला, आणि अक्षरन् अक्षर जुळवणाऱ्या सर्चमधे उत्तर शून्य. तेव्हाच एक पद्धत ठरवून दुसरी बंद करायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे, सुसंगतीच्या नावाखाली घोळ तेवढा वाढवला.

पोरांनी यातून आपली वाट काढली, सरळ इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं. पुढे पुस्तकांवर क्यूआर कोड आले, दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं ॲप आलं, मार्च २०२० नंतर तर सगळा वर्गच व्हॉट्सॲपवर. आता कित्येक पोरं टाइपसुद्धा करत नाहीत, माइक दाबून विचारतात.

जुन्या प्रश्नपत्रिका मात्र अजून ऑफिसातल्या पेन ड्राइव्हवर, कृतिदेवमधेच.